भिला ट्यूबवाला आणि मी

भिलाबद्दल चांगलं लिहायचं माझ्या जिवावर येतं, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं हा माणूस आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ट्यूबलाइट दुरुस्त करतो आहे आणि चाळीस वर्षं माझ्या पोटात दुखतं आहे. दुकान आमचं, तळोद्याच्या बाजारात, विजेच्या सामानाचं. माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, म्हणजे किशनलाल शेठनी काढलेलं. गल्ल्यावर मी, शांतीलाल, त्यांचा एकुलता मुलगा. तरी गिऱ्हाईक पायरी चढता चढता विचारतं काय, तर भिलाभाऊ कुठे गेला.

तो बोरदच्या पाटलांचा. घरी केळीची बागायत, वर दोन थोरले भाऊ. शेती सोडून हा तारांच्या नादी लागला म्हणून भावांनी बोलणं टाकलं, आणि विशी ओलांडलेला भिला आमच्या ओट्यावर येऊन बसला. तेव्हा बल्ब विकायचा म्हणजे आधी बोर्डावर लावून, पेटवून दाखवायचा. गिऱ्हाइकाने डोळे मिचकावले की मगच तो कागदात गुंडाळायचा. घरी जाऊन उडाला की लोक बदलून मागायला येत. मी वाद घालायचो. भिला तो उडालेला बल्ब हातात घेऊन हळूहळू फिरवायचा, आतली तुटलेली तार तारेत अडकवायचा, की बल्ब पुन्हा पेटे आणि महिनाभर चाले. तेही फुकट. बल्ब विकणाऱ्या दुकानाच्या ओट्यावर बसून हा उद्योग! मी बाबूजींकडे तक्रार केली. ते हसले आणि म्हणाले, माणूस परत आपल्याच दुकानात येतो ना.

पुढे घरोघर ट्यूबलाइट आल्या. जाड काचेची चार फुटी नळी, डोक्यावर तांब्याच्या तारेचा जड चोक, बाजूला अंगठ्याएवढा स्टार्टर. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज इतकं पडे, की बल्ब निखाऱ्यासारखे लालसर दिसत आणि ट्यूब नुसत्या टोकांना मिणमिणत राहत. भिला स्टुलावर चढे, नळीवरून हात फिरवी आणि ती लख्ख पेटे. बायका म्हणत, याच्या हातात काहीतरी आहे. काही नव्हतं. नळीजवळ हात नेला की कधी कधी ती पेट घेते, एवढंच. मीही एकदा चारचौघांत करून पाहिलं. ट्यूब पेटली नाही, मला मात्र झटका बसला आणि मी स्टुलावरून खाली आलो. लोक बरेच दिवस हसत होते. भिला हसला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

धडगावकडच्या आश्रमशाळेला ट्यूब पोचवायचं काम बाबूजींनी पहिल्यांदा मला दिलं होतं. घाटात जीप अशी काही हिंदकळली की सहापैकी चार फुटल्या. दुसऱ्या खेपेला भिला गेला. नळ्या त्याने गोधडीत गुंडाळल्या, लेकरू धरावं तशा मांडीवर आडव्या धरल्या आणि गच्च भरलेल्या जीपमधून सहाच्या सहा शाबूत नेल्या. तेव्हापासून ते काम त्याचं झालं. तिथले मुख्याध्यापक डोंगरसिंग अजून तळोद्याला आले की आधी त्याला भेटतात, मग मला नमस्कार करतात. भिलाची बायको गजराबाई रोज गरम भाकरीचा डबा पाठवते, तोसुद्धा मला खुपतो. माझ्या घरून डबा येत नाही असं नाही. पण उघडताना मी त्याच्यासारखा खूश होत नाही.

आता एलईडी आल्या. चोक गेले, स्टार्टर गेले, उडालं की फेकायचं. मला वाटलं, चला, याचा धंदा संपला. मन हलकं झालं, खोटं कशाला बोलू? तर हा पठ्ठ्या एलईडीही खोलायला शिकला, साठीत.

जुनी म्हणावी अशी एकच ट्यूब दुकानात उरली आहे, देवाच्या फोटोवरची. तळोद्यात वीज आल्यावर बाबूजींनी ती सुरतहून आणली. नंदुरबारपर्यंत रेल्वेने, पुढे एसटीने, सगळा वेळ हातात उभी धरून. नळ्या बदलत गेल्या, पट्टी आणि चोक तेच. दिवाळीत दुकान बंद होतं आणि लाभपंचमीला उघडतं. त्या सकाळी पहिलं बटण त्याच ट्यूबचं दाबायचं, आणि ते बाबूजींनी दाबायचं. गेल्या वर्षी त्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, हात थरथरायला लागले. दिवाळीच्या आधी त्यांनी सांगितलं की यंदापासून बटण दुसरं कुणीतरी दाबेल.

दुसरं कुणीतरी म्हणजे मी, यात मला शंका नव्हती. बासष्ट वर्षं मी या माणसाचा मुलगा आहे. नवा झब्बाही शिवून घेतला. आणि बाबूजी म्हणाले, भिला दाबेल.

अंगाचा तिळपापड झाला. पण आमच्यात वडिलांसमोर आवाज चढवत नाहीत. दिवाळीसाठी दुकान बंद करायच्या दिवशी, दुपारी, ट्यूब जळत असतानाच मी तिचा स्टार्टर फिरवून काढून घेतला. पेटलेल्या ट्यूबला स्टार्टर लागत नाही, तो फक्त पेटवायला लागतो. एवढं ज्ञान मलाही आहे. ती जळतच राहिली, कुणाला काही कळलं नाही. मग बटण बंद करून दुकानाला कुलूप मीच लावलं.

लाभपंचमीला बाजारातले पाच-सात व्यापारी जमले. बाबूजींना खुर्चीत बसवलं. भिलाने चप्पल बाहेर काढली, हात जोडले आणि बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला अगरबत्त्या पुन्हा पुन्हा नीट करत बसलो.

भिला स्टुलावर चढला. रिकामी जागा त्याला दिसली. त्याने वरूनच माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग पिशवीतून एक स्टार्टर काढून बसवला. ट्यूब दोनदा फडफडली आणि लागली. खाली उतरून तो बाबूजींना आपल्या अहिराणीत म्हणाला, "शेठ, चूक मन्ही शे. स्टार्टर साफ कराले काढेल व्हतं, बसाडानं इसरी गऊ."

आणि बाबूजी भडकले. सगळ्या बाजारासमोर, थरथरता हात उगारून.

"गधडा, केस पांढरा व्हयनात तुन्हा, अक्कल काय उनी नही! मुहूर्तना दिन शे आज!"

भिला मान खाली घालून उभा. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि तेव्हाच लक्षात आलं, की बाबूजी मला असं कधीच बोलले नाहीत. नापास झालो तेव्हा नाही, घाटात ट्यूब फोडल्या तेव्हाही नाही. मला ते आमच्या मारवाडीत, 'थे' म्हणजे 'तुम्ही' म्हणत, पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने बोलतात. गधडा म्हणावं इतका जवळचा मी त्यांना कधी वाटलोच नाही. त्या शिवीचाही मला हेवा वाटला. मी खिशातला स्टार्टर काढून त्यांच्यासमोर धरला.

"बाबूजी, भिलाने नाही. हा मी काढला होता. मुद्दाम."

बाबूजींनी स्टार्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाट बघत होतो. आयुष्यात एकदा तरी.

"कोई बात कोनी," काहीच हरकत नसल्यासारखे ते शांतपणे म्हणाले. "थे बैठो. चाय पीओ."

आणि भिलाकडे वळून, खोटं बोलला म्हणून, त्याला आणखी दोन शिव्या दिल्या.