शिवप्रियाची डावी मूठ

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडं शांतम्मा आधी लांबून बघते, मग जवळून बघते आणि मग घेत नाही. सास्तुरात तिचा हा स्वभाव सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं शाळेतल्या दैवशाला बाई हसत हसत घरी आल्या, तेव्हा तिनं चहा दिला, पण ती हसली नाही.

"तुमच्या शिवप्रियाची निवड झाली," बाई म्हणाल्या. "हुशार मुलांसाठी लोहाऱ्याला दर शनिवारी खास वर्ग घेतोय आम्ही. सहावीतून ती एकटीच."

"हुशार हाय ते आमाला म्हाईत हाय. फी किती?"

"काहीच नाही."

"मग तर नीट इचारायलाच पायजे. परीक्षेत काय इचारलं हुतं तिला?"

"विटेचे उपयोग सांगा, असा प्रश्न होता. मुलं कसा विचार करतात ते कळतं त्यातून."

शांतम्मानं नवऱ्याकडं, महांतेशकडं, बघितलं. विटेचे उपयोग! असलं कोण विचारतं? आज विटांचं विचारतील, उद्या घरात माणसं किती, शेत किती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर असेच चौकशा करणारे आले होते.

बाई गेल्यावर महांतेश म्हणाला, "अगं, शाळेतल्याच बाई त्या. कोन पळवून नेतंय पोरीला?"

"सोमेशला तरी कुनी पळवलं हुतं? आपल्याच हातानं गाडीत बसवला हुता."

सोमेश हा शांतम्माचा पाठचा भाऊ. भूकंप झाला तेव्हा ती परकरात होती. शहरातून भली माणसं आली, हुशार पोरं निवडून शिकायला घेऊन गेली. आईनं सोमेशच्या कपाळाला विभूती लावली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतल्या इष्टलिंगाचा दोरा घट्ट केला आणि त्याला निरोप दिला. दिवाळीला तो आला तो पायात बूट घालून, पण गळा मोकळा. "लिंग ट्रंकेत आहे, अक्का. पोरं हसतात," म्हणाला. पुढं येणं कमी झालं. आता सणाला फोन येतो, तोही घाईतला. म्हणून शांतम्माच्या मनात पक्कं बसलेलं की पोराला निवडतात हुशारीसाठी आणि मोकळा होतो तो गळा. अंगावरचं लिंग उतरलं की माणूस घरातूनही उतरतो.

तरी शिवप्रियानं दोन दिवस तोंड पाडलं, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ. पन मी संगं येनार."

शनिवारी महांतेशनं मोटारसायकलवर दोघींना लोहाऱ्याला सोडलं. वर्गाच्या खिडकीजवळ लिंबाचं झाड होतं. शांतम्मा त्याखाली बसली. ओठांत शिवनाम आणि डोळा खिडकीत.

आत पोरं दोऱ्याला खडे बांधून झुलवत होती, झोके मोजत होती. एवढ्यासाठी पेट्रोल जाळून आणलं? शांतम्मा नाक मुरडणार, तेवढ्यात शिवप्रिया वळली.

गळा मोकळा! लिंगाचा दोराच नव्हता.

शांतम्मा ताडकन उठली. चपला तिथंच टाकून ती वर्गाच्या दाराशी धावली. आत दैवशाला बाई शिवप्रियासमोर उभ्या होत्या.

"मूठ उघड. केव्हाची बघतेय मी. चिठ्ठी आहे ना? आकडे लिहून आणलेस?"

शिवप्रियानं मान हलवली. डावी मूठ छातीशी घट्ट. पोरं खिदळत होती.

"बाई, माज्या लेकीच्या गळ्यातलं कुनी काढायला लावलं?" शांतम्मा दारातूनच कडाडली.

"गळ्यातलं? अहो, मी हातातलं विचारतेय!"

"अव्वा, मीच काढलं," शिवप्रिया म्हणाली. "हितला दोरा टीचभर हाय. लांब दोऱ्याला खडा हळू झुलतो का, ते बगायचं हुतं. मनून लिंगाचा दोरा सोडला."

"आनि लिंग?"

पोरीनं मूठ आणखी आवळली. बोटं पांढरी पडली होती. पूजेला बसताना शांतम्मानंच तिला शिकवलेलं, की डावा तळहात ही लिंगाची बैठक, तिथून ते कुठं ठेवायचं नाही. पोरीनं बाकावर ठेवलं नाही, दप्तरात टाकलं नाही. दोऱ्याची गाठसुद्धा दातांनी मारली होती.

"पोरं हसली न्हाईत?" शांतम्माचा आवाज उतरला.

"हसली की. पन माजं मोजायचं ऱ्हायलं हुतं."

बाई ओशाळल्या. "आधी सांगायचं ना, बाळ."

"तुमी चिठ्ठी मनलाव."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या, आणि पोरांकडं वळून, "काय हसताय? लांब दोऱ्याचं हिच्याशिवाय कुणाला सुचलं?"

शांतम्मानं खड्याचा दोरा परत लिंगाला लावला नाही, तो मोजायला तसाच राहू दिला. पदराची कड टर्रकन फाडली, लिंगाची चांदीची डबी तिच्यात ओवली, लेकीच्या गळ्यात बांधली आणि दोन्ही हात जोडले. "फुडल्या शनिवारी दुसरा दोरा देईन संगं. हा पुना सोडायचा न्हाय."

'फुडल्या शनिवारी' हे शब्द ऐकून बाईंना धीर आला. "अजून एक सांगायचं होतं. उन्हाळ्यात धाराशिवला शिबिर आहे. मुलींना तिथंच राहावं लागेल, पण सगळी सोय..."

आलं! शांतम्मानं डोळे बारीक केले. एवढा वेळ ती ह्याचीच वाट बघत होती. शिवप्रियानं श्वास रोखून आईकडं बघितलं. शांतम्मानं लेकीच्या गळ्यातली गाठ बोटानं चाचपली. पक्की होती.

"तितं खिडकीजवळ झाड हाय का?"

"झाड? का हो?"

"मला बसायला."