काळटोकाचा लाल थर

...तर काल सुखीबाईला काळटोक डोंगराच्या अर्ध्यावर बसवून आपण जेवायला उठलो होतो. ती तिथं कशी पोचली, ते आधी ऐका.

ढाणकीच्या बाजारातून टेकड्या दिसतात ना, त्यांच्याही मागे, जंगलात, हा डोंगर एकटाच उभा आहे. आमच्या चौथीच्या गुरुजींनी त्याची मांडणी फळ्यावर एकदाच काढली, ती मला सत्तर वर्षं पुरली. काळ्या दगडाचे थर, भाकरींच्या चवडीसारखे. आणि दर दोन भाकरींमध्ये लाल मातीचा ठेचा! काळ्या दगडाला भेगा, त्यातून पाणी खाली झिरपतं. लाल थर त्याला अडवतो. वरच्या लाल थरावरच बंजाऱ्यांच्या तांड्याचा झरा होता, बारमाही.

सुखीबाई त्या तांड्यातली. पणजोबांनी बैलांवर मीठ वाहिलेलं, त्यामुळे चालणं अंगातच. तिच्या घरासारखी लालभडक सारवलेली भिंत दुसरी नाही. दर दिवाळीला झऱ्यामागची मऊ माती ती खणून आणायची, शेजारणींनाही द्यायची. गेल्या दिवाळीत कुदळ लाल थराच्या आरपार गेली, खालच्या काळ्या दगडावर खणकन वाजली. माघात झरा आटला.

तिला कोणी बोललं नाही, आणि तेच तिला सोसेना. उजाडलं की डोंगर. चहा कपात तसाच, भाकरी तव्यावर. सून बसंतीबाई मला म्हणाली, "बुढी आता डोंगराच्या घरी नांदून राह्यली."

मग मीच सुखीबाईला गुरुजींची चवड सांगितली. म्हटलं, पाणी कुठं जाणार? खालच्या लाल थरावर थांबलं असेल, कुठून तरी बाहेर येईलच. झालं! दुसऱ्या दिवसापासून ती खालचा लाल पट्टा हातानं चाचपत डोंगराभोवती फिरू लागली. अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी, पार उत्तरेच्या अंगाला, उंबराच्या मुळाशी तिचा हात ओला झाला. काल आपण तिला बसवली ती हीच जागा.

बातमी कळताच आम्ही सगळे चढलो. तांड्याचा नाईक भीमसिंग खांद्यावर कुदळ घेऊनच आला. धार करंगळीएवढी. तो म्हणाला, थोडी माती काढली की मोठी होईल, गुरांचं भागेल. चार महिने कुठं क्षणभर न टेकलेली सुखीबाई त्या ओल्या मातीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली:

"नाईक, कुदळ घरी ठेवून ये. एकदा मी खोदलं, तं तांड्याचं पाणी गेलं. गुरं इथं आण, एकेक करून पाजू. अन् कोणाले खोदाचंच असन, तं पह्यले मले इथून उठवून दाखवा."