भाव सांगायची पाळी

भाजी मार्केट यार्डाबाहेर थेट विकायला सरकारने मोकळीक दिली, तेव्हा आमच्या घरात ती बातमी सगळ्यांत मोठ्याने मी वाचली. आमचं गाव महापालिकेत गेलेलं; बांधापलीकडे आयटीवाल्यांचे बारा-बारा मजले. गिऱ्हाईक कुंपणाला लागून आणि आपण मेथी घेऊन पहाटे यार्डात! मी तडक आमच्या आडत्यांच्या गाळ्यावर जाऊन सांगून आलो, की यापुढे आमचा माल येणार नाही. कुणी विचारलं नव्हतं; पण भाषण तयार होतं.

आडते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बरं. जाताना दार ओढून घ्या." गाळ्याला दारच नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "यंदाची मेथी तुझ्या हातात. न्हाई जमलं तर जमिनीचं बघतो." बिल्डरचा माणूस तेव्हा आठवड्यातून दोनदा चहाला येत होता.

रविवारी सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडलं. मी झकास फलक छापून आणला होता. त्यावर सगळं होतं, भाव सोडून.

पहिल्या बाई आल्या. "काका, जुडी कशी दिली?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. तीस वर्षं मेथी पिकवली, पण भाव आम्ही कधी बोललोच नव्हतो. यार्डात माल उतरवायचा आणि बाजूला उभं राहायचं. भाव दुसरे बोलायचे. आमच्या वाट्याला नंतरची कुरकुर.

"तुमीच सांगा," अण्णा म्हणाले.

बाईंनी जरा अंदाज घेतला. "दहाला दोन?"

अण्णांनी मान डोलावली. पुढच्या गृहस्थांना मी छाती काढून म्हणालो, "पंधराला एक."

"अहो, आत्ता त्यांना दहाला दोन दिल्यात ना?"

"हो... मग तुम्हालाही तशीच."

बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेली. लोक घरच्या चपलांत धावत खाली आले. नऊच्या आत टेबल रिकामं! एका मुलीने माझा फोटो काढला; मी त्यात विजयी वीरासारखा हसतो आहे.

टेम्पोत अण्णांनी विचारलं, "यार्डात आज भाव काय निघाला?"

टेबल आवरताना मी मोबाइलवर पाहिलं होतं. "आपल्याएवढाच," म्हणालो.

अण्णा म्हणाले, "आडत्यांना मी फोन केलता. दुप्पट हाय तिथं." मग हळूच, "मला खोटं कशापायी सांगितलंस?"

मी फलक उलटा करून सीटमागे सारला. एरवी माझी जीभ कशी चुरुचुरु चालते.

मेथीचे वाफे आम्ही आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरतो, म्हणजे दर आठवड्याला कापणी मिळते. दुसऱ्या दिवशी पुढचा वाफा पेरायचा होता. अण्णांनी उभ्या पिकाला पाणी दिलं आणि पेरणीसाठी तयार केलेल्या वाफ्याशेजारून सरळ निघून गेले.

"बी काढू का?" मी विचारलं.

"थांब जरा," ते म्हणाले.

चार दिवस झाले, तरी वाफा मोकळाच; बी टाकायचं की जमिनीचं बघायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि मलाही परत विचारवेना.