शिकवणीच्या गाडीतला दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंचा धंदाच जीव मुठीत धरून बसण्याचा. चौदा वर्षं त्या नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसत आल्या, पायाशी आपला वेगळा ब्रेक घेऊन. पण समोर खरंच काही आल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. उगाच ब्रेक मारला की शिकणाऱ्याचा धीर खचतो. घटस्फोट झाला तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई गाडीत हजर होत्या.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सांभाळणारा मेकॅनिक त्यांचा जिवाभावाचा मित्र. त्याचंही लग्न मोडलेलं. दर शनिवारी दुपारी गॅरेजमागच्या बाकावर चहा घ्यायचा आणि आठवड्याभरात कोण कोणाला भेटलं, कसं फसलं, यावर पोट धरून हसायचं. बाईंना भेटलेल्या विमा एजंटाने पहिल्याच कॉफीत त्यांच्या मृत्यूनंतरची सोय समजावली होती. मेकॅनिक तर एकीच्या गाडीचा आवाज ऐकून नव्या शर्टासकट गाडीखाली शिरला होता.

मग बाईंनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांच्याकडे शिकलेली एक ग्रंथपाल, तीही घटस्फोटित, स्वभावाने गोड. बाईंनी मोठ्या उत्साहाने दोघांची भेट घडवली. ती भेट चक्क छान झाली. आता ग्रंथपालबाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं होतं, तेही शनिवारी दुपारी.

"तुझी गाडी खोललेली आहे ना? शिकवणीच्या गाडीने मी सोडते," बाई म्हणाल्या. "पण चालवायची तू. बोलायला लागलास की गिअर विसरतोस. जरा सवय कर."

निघाले. त्याने शर्टाला कडक इस्त्री केली होती, नखांतलं काळंही घासून काढलं होतं. बाईंनी ते पाहिलं. शनिवार गेला तर आपल्या फजित्या सांगायच्या कोणाला? आणि खरं सांगायचं तर, नुसत्या फजित्यांचा प्रश्न नव्हता. हा माणूस त्यांना हवा होता. हे कळायला चांगला मुहूर्त शोधला होता बाईंनी!

ग्रंथपालबाईंची गल्ली आली. त्याने वळायला इंडिकेटर दिला आणि गाडी कचकन थांबली. ब्रेक बाईंनी दाबला होता.

"काय आलं मध्ये?" तो दचकून म्हणाला.

रस्ता मोकळा होता. कुत्रं नाही, सायकल नाही. मागून हॉर्नचा नुसता कल्ला.

"काही नाही आलं."

"मग?"

"तू जाऊ नकोस तिकडे," बाई म्हणाल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "भेट मीच घडवली, माहीत आहे. पण आता गप्प नाही बसवत."

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "आता तिला काय सांगू?"

"खरं ते सांग."

त्याने स्पीकरवर फोन लावला. "माफ करा, मला यायला जमणार नाही," म्हणताना बिचाऱ्याची जीभ चार वेळा अडखळली.

"बाई शेजारीच आहेत ना?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "अहो, मागच्या वेळी दोन तास तुम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतात. तेच आज तोंडावर सांगणार होते तुम्हाला. स्वयंपाक झालाय, तिघांना पुरेल. या दोघंही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचे कानही लाल झाले होते.