एकशे दहा व्होल्टची मशीन

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो आम्ही... मामा सौदीहून सुट्टीवर आला आणि आईसाठी विजेवरची शिलाई मशीन घेऊन आला. आईने आधी बुद्धवंदना घेतली, मगच मशीनला हात लावला.

आईचा उजवा पाय अधू. पायमशीन तिला जमायची नाही, पण शिवणात हात असा साफ की बघत राहावं. उल्हासनगरच्या एका सेठकडून तिने जीन्सच्या खिशांचं काम आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात स्वतःची कमाई येऊ लागली.

अडचण एकच, मशीन एकशे दहा व्होल्टची. मामाने बजावलं होतं, मधे ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय चालवायची नाही, आपली दोनशे तीसची वीज तिला सोसणार नाही... ट्रान्सफॉर्मर उल्हासनगरातच मिळाला. दिवसा सगळं झकास.

पण संध्याकाळी गल्लीच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या कंपनीत मोठ्या मशिनी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पार बसायचं. बल्ब लाल व्हायचा, ट्यूब तर लागायचीच नाही. ट्रान्सफॉर्मरमधून वीज आणखी निम्मी होऊन यायची आणि सुई कापडातच अडकायची.

पप्पा त्याच कंपनीत कामाला. युक्ती त्यांनीच काढली... बल्ब लाल झाला की ट्रान्सफॉर्मर काढायचा, मशीन सरळ भिंतीच्या प्लगमध्ये लावायची. तेवढं कमी व्होल्टेज तिला बरोबर पुरायचं. कितीतरी महिने हे असंच सुरळीत चाललं.

त्या संध्याकाळी पप्पा सेकंड शिफ्टला गेले होते. आईने बल्बकडे पाहिलं, मशीन थेट लावली आणि शिवायला बसली. थोड्या वेळाने खोलीत अचानक पांढरा लख्ख उजेड पडला. धाकटीने टाळ्या वाजवल्या... मशीन सुसाट सुटली होती.

"अगं बघ, आज कशी पळतेय," आई म्हणाली. हसत होती.

मग जळका वास आला. तिने प्लग ओढेपर्यंत मशीनमधून धूर निघत होता. आई तशीच बसून राहिली, हातातला खिसा अर्धा शिवलेला.

तेवढ्यात पप्पा दारात. शिफ्ट सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. आईला वाटलं, आता ओरडतील. ती रडत रडत सांगू लागली, मी बल्ब बघितला होता हो, लालच होता...

पप्पांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग ट्यूबकडे.

"आमच्या मशिनी बंद केल्या गं," ते म्हणाले. "मालकाने सगळ्यांना बाहेर काढलं. गेटला टाळं लावलंय."

मग आम्हालाही कळलं, इतकी वीज आली कुठून.

दुसऱ्या दिवशी आई मशीन घेऊन उल्हासनगरला गेली. मेकॅनिकने उघडून पाहिली. "भाभी, इसका सामान इधर नहीं मिलेगा," म्हणाला आणि झाकण परत लावून दिलं. खिशांचं काम सेठने दुसरीला दिलं. कंपनी काही पुन्हा उघडली नाही.

गल्ली मात्र खूश. आता रोज संध्याकाळी फुल व्होल्टेज. शेजारच्या काकू म्हणाल्या, चला, एकदाची वीज तरी सुधारली... त्यांचं काही चुकलं नाही, आमची मशीन त्याच विजेने जळाली हे त्यांना कुठे ठाऊक होतं. पण आमच्या घरात तेवढ्या उजेडात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.