ताईच्या जागी नळ

ताईच्या सासरी जाणाऱ्या कॅसेटमध्ये मी ताईऐवजी आमच्या मोरीतला नळ दाखवला.

त्या काळी पुण्यातली लग्नाची मुलं संगणकापायी अमेरिकेत असायची आणि त्यांना रजा मिळत नसे. म्हणून मुलीची व्हिडिओ कॅसेट पाठवायची पद्धत पडली होती. त्यात मुलगी चालायची, हसायची, रांगोळीपाशी बसायची आणि मागे बासरी वाजायची. ताईचं ज्याच्याशी घाटत होतं, त्याची पत्रिका जुळली होती. शिवाय ऑफिसातून ई-मेलवर दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. (आईला वाटायचं, ताई ओव्हरटाइम करते.) मुलाचे आईवडील कर्वेनगरात राहायचे.

मुलाच्या आईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "कॅसेट आधी आम्ही बघू, मग तिकडे पाठवू. मुलाने पसंत केल्याशिवाय आम्ही मुलगी बघायला येत नाही. पोहे वाया जातात."

बाबा स्टुडिओवाल्याला बोलवायला निघाले. मी दारात आडवी आले. घरात फिल्मची विद्यार्थिनी असताना बाहेरचा माणूस?

माझी प्रगती खरंच झाली होती. पहिल्या वर्षी मी बाबांचा अख्खा वाढदिवस लेन्सचं झाकण न काढता टिपला होता. (आवाज उत्तम आला होता.) आता दुसऱ्या वर्षी कॅमेरा हातात स्थिर राहायचा, उजेडाचा अंदाज यायचा आणि कुठल्याही सिनेमाला मी नावं ठेवू शकायचे. त्यात आमच्या सरांनी नुकतंच शिकवलं होतं, "जे दाखवायचं ते दाखवू नका, सुचवा." हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. नको इतकं बसलं.

शूटिंगच्या सकाळी ताईने मला गॅलरीत गाठलं. "हे बघ, मला हा मुलगा खरंच आवडलाय. शहाणपणा करू नकोस."

"तू निश्चिंत राहा," मी म्हटलं. इतका आत्मविश्वास मला पुढे आयुष्यात कधी वाटला नाही.

आई म्हणाली, "तिला फ्रिजशेजारी उभी कर. उंची कळते. आणि फ्रिजही कळतो."

मी फ्रिजला हात लावला नाही. ताईची रिकामी खुर्ची घेतली. भिंतीवरची ताईची सावली घेतली. चहाच्या कपाभोवती ताईचा डावा हात घेतला. आणि ताईच्या मनातली हुरहूर म्हणून आमच्या मोरीतला गळका नळ घेतला, तो बराच वेळ.

"यात मी कधी येणार?" ताईने विचारलं.

"तू सगळीकडे आहेसच," मी म्हटलं. ती ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून गेली. जाताना तिची पाठ घेतली आणि सिनेमा संपवला.

पुढच्या शनिवारी आई, बाबा आणि मी कॅसेट घेऊन कर्वेनगरला गेलो. (कॅमेरा सवयीने माझ्या खांद्याला होताच.) ताईला सुट्टी नव्हती. पडदे ओढले, टीव्ही लागला आणि नळ गळायला लागला.

मुलाच्या आईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "वॉशर मिळतो हो अप्पा बळवंत चौकाच्या पुढे."

मुलाचे वडील उठून व्हीसीआरची बटणं दाबू लागले. तेवढ्यात खुर्ची आली आणि त्यांनी विचारलं, "मुलगी बसायच्या आधीच सुरू केलंत का?" सावली आली. "लाइट गेले होते?" मग हात आला. मुलाच्या आईंनी आवाज खाली आणला. "डावाच दाखवलाय. उजव्याला काही झालंय का?"

"नाही हो!" आई कळवळली. "दोन्ही हात आहेत. चेहराही आहे."

"मग लपवताय कशाला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "काकू, ताई दिसू नये हाच तर उद्देश आहे."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहायला लागले. मग त्यांनी तिथल्याच फोनवरून ताईला ऑफिसातून बोलावलं. "आहेस तशी ये."

ती आहे तशी आली. म्हणजे कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ. उन्हात स्कूटर चालवणारी पुण्यातली मुलगी दुसरी कशी येणार? मुलाच्या आईंनी दार उघडलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "ही प्रत्यक्षातही दिसत नाही की हो."

ताईने एकेक आवरण उतरवलं. टीव्हीवर मुलाच्या वडिलांनी थांबवून ठेवलेली तिची पाठ होती. ती बघून ताईचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं आणि माझी सगळी सूचकता एका क्षणात गळून पडली.

"कॅमेरा आणलाय ना?" मुलाच्या आई मला म्हणाल्या. "मग काढा. इथेच, माझ्यासमोर."

मी ताईला खिडकीपाशी बसवलं, कॅमेरा समोर ठेवला आणि हलवला नाही. ताईला काय बोलावं सुचेना, म्हणून ती मला बोल लावायला लागली. वाढदिवसाच्या झाकणापासून सुरुवात केली. नळापाशी आली आणि स्वतःच खळखळून हसली. हसताना ती इतकी गोड दिसत होती, आणि माझ्याच बहिणीकडे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं! दुसरी कॅसेट नव्हती, त्यामुळे हे नळाच्याच कॅसेटवर, पाठीच्या पुढे टिपलं गेलं आणि सगळं मिळून अमेरिकेला गेलं.

काही आठवड्यांनी फोन आला. बाबांनी उचलला. मुलाच्या आई म्हणाल्या, "मुलाला मुलगी पसंत आहे. त्याची फक्त एक अट आहे."

बाबांनी हिशेबाची वही ओढली. "बोला."

"लग्नाचं शूटिंग धाकटीकडे देऊ नका."

लग्नाला स्टुडिओवालाच आला. त्याने आधी घरी येऊन ताईला फ्रिजशेजारीसुद्धा घेतलं. माझ्याकडे त्याचा दिवा धरायचं काम होतं. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये मी कुठेच दिसत नाही, फक्त सप्तपदीच्या वेळी एका कोपऱ्यात दिवा धरलेला डावा हात येतो. बाकी मी सुचवलेली आहे.