दमधरबाईंची बुडी

१४ ऑक्टोबर, सोमवार. अडतीस हजार चारशे पन्नास. एवढी रक्कम त्या सकाळी भरली गेली आणि दमधरबाईंच्या घरात समुद्राची सहल ठरली ती ठरलीच. विमानाची जा-ये, चार रात्रींची खोली, आणि बाई व त्यांची धाकटी बहीण अशा दोघींची पाठीवर हवेची टाकी बांधून मारायची समुद्रातली बुडी, सगळे त्यात आले. पैसे भरले नवऱ्याने. तो एका औषधांच्या गोदामात हिशेब पाहतो. आपण किनाऱ्यावरची खुर्ची सोडणार नाही, हे त्याने पैसे भरतानाच जाहीर केले.

"ओल्या जागी माझं काय काम?" तो म्हणाला. "टॉवेल सांभाळायला कोणीतरी कोरडा माणूस लागतोच."

बाईंचे खरे नाव तरणतलावाच्या फळ्यावर लिहिलेले आहे, पण ते कोणी वाचत नाही. शहराच्या या एकुलत्या एक मोठ्या तलावावर त्या ऐन तारुण्यापासून पोहणे शिकवत आल्या. नव्या पोराला काठाला धरून उभे करायचे, छाती भरून घ्यायला लावायची, तोंड मिटायला सांगायचे आणि डोके पाण्याखाली घालायचे, हा त्यांचा पहिला धडा. मग काठावरून त्यांचा आवाज यायचा, "दम धर! धर अजून! मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही!" भेदरलेल्याला धीर द्यायला तोच शब्द, उतावळ्याला थोपवायलाही तोच. आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात दात काढून घ्यायला बसलेली माणसेही दम धरत. दमधरबाई हे नाव कुणी ठेवले हे आता कुणालाच आठवत नाही, पण बाईंना ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखे वाटते. योग्य माणसाला योग्य नाव, त्यात रागवायचे काय?

अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यावर ठेवले. पण ज्या पाण्याच्या तळाला फरशी नाही, अशा पाण्यात त्या स्वतः एकदाही उतरल्या नव्हत्या. दर सुट्टीला काहीतरी आडवे यायचे. सासूबाईंचे गुडघे, तलावाची रंगरंगोटी, भाच्याचे लग्न. या वर्षी त्यांनी जेवताना सरळ सांगून टाकले, "मला एकदा असं पाणी बघायचंय, ज्यात माझ्याआधीपासून कोणीतरी राहतंय." नवऱ्याने पोळी खाली ठेवली आणि म्हटले, "मग जाऊ या की." इतके साधे होते ते.

पुढचे दोन आठवडे जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि आखणी जास्त झाली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे वेळेचा चोख हिशेब केला होता. शेवटच्या दिवशी सकाळी दोघींची बुडी, दुपारी खोली सोडायची, संध्याकाळचे विमान. बाईंनी तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, पाण्याखालून वर आलं की लगेच विमानात बसायचं नसतं. निदान अठरा तास तरी जमिनीवर राहायला सांगितलंय. नाहीतर अंगात हवेचे बुडबुडे होतात."

"म्हणजे सोड्याची बाटली उघडल्यासारखे?"

"तसंच समजा."

"मग आधीच नाही का सांगायचं? बायको घेऊन गेलो आणि सोडा घेऊन आलो असं झालं असतं."

त्याने बुडी एक दिवस अलीकडे आणली आणि शेवटच्या दिवसासमोर मोठ्या अक्षरांत लिहिले: काहीही न करणे. त्याच्या मते सहलीतला तोच सर्वांत चांगला दिवस होता.

एक अट मात्र राहिली होती. समुद्रात नेण्याआधी बुडी घडवणाऱ्या कंपनीचा शिक्षक इकडे येऊन दोघींची तालीम घेणार होता. त्याने हो म्हटले तरच बुडी, नाहीतर बोटीवरून बघायचे. तालमीला खोल पाणी हवे, आणि शहरात खोल पाणी एकच. त्यामुळे तलावाच्या सुट्टीच्या दिवशी दमधरबाईंची परीक्षा त्यांच्याच तलावात भरली. नवरा टॉवेल घेऊन बाकावर बसला. सुट्टी असूनही तलावाचा पंपवाला आला. पंप बंद होता, तरी आला.

शिक्षक चाळिशीचा, गोलमटोल, संथ बोलणारा माणूस होता. टाकी, जॅकेट, तोंडात धरायची नळी, कमरेचा वजनाचा पट्टा, सगळे त्याने काठावर ओळीने मांडले.

"नियम एकच," तो म्हणाला. "श्वास रोखायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. दुसरं काही चुकलं तर मी सांभाळून घेतो. पण कोंडलेला श्वास घेऊन वर आलात, तर ती हवा छातीत फुगते. तिथे माझं काही चालत नाही."

"पाणी मला नवीन नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतोय, बाई. नवीन माणसाला हे फारसं सांगावं लागत नाही."

धाकटी आधी उतरली. धाकटीला पोहता येत नाही, हा बाईंच्या कारकिर्दीवरचा एकमेव डाग. तीन उन्हाळे घासूनही तो निघाला नव्हता. या बुडीला पोहता येण्याची गरज नाही, शिक्षक हात धरून नेतो, असे कळले तेव्हाच ती तयार झाली होती. ती शिक्षकाचा हात घट्ट धरून खाली गेली आणि तळाशी मांडी घालून बसली. चहाला उकळी यावी तसे तिचे बुडबुडे एकसारखे वर येत राहिले. वर आल्यावर म्हणाली, "भावोजी, आत काय शांत आहे हो! कोणी ओरडत नाही."

मग बाई उतरल्या. ऐटीत उतरल्या. पण पाणी डोळ्यांवरून गेले मात्र, छाती आपोआप भरली आणि कुलूप लागल्यासारखी बंद झाली. भरलेल्या छातीने कोण बुडणार? बाई सुक्या भोपळ्यासारख्या वर आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा वर. शिक्षकाने पट्ट्यात वजन वाढवले, तेव्हा कशाबशा तळाला टेकल्या, पण बुडबुडा एक नाही. शिक्षकाने समोर बसून स्वतःची छाती वरखाली करून दाखवली. बाईंनी मान डोलावली आणि दम धरून बसल्या. मध्येच घाबरून भसाभसा हवा ओढायच्या, की पुन्हा कुलूप. असे करता करता टाकी वेळेआधीच संपत आली.

"आयुष्यभर कुणाला बुडू दिलं नाही," पंपवाला काठावर पुटपुटला, "आता स्वतःला बुडता येईना." फरशीच्या त्या दालनात पुटपुटणेही चारी भिंतींना ऐकू जाते.

शिक्षकाने नळी काढली. "बाई, बहिणीला मी नेईन. तुम्हाला असं नाही नेता येणार."

बाई पायरीवर बसल्या. उभ्या आयुष्यात पाण्याच्या बाबतीत त्यांना कुणी 'नाही' म्हटले नव्हते. समुद्र ठरला होता, विमान ठरले होते, आणि त्यांना बोटीत बसून धाकटीचे बुडबुडे मोजायचे होते.

"आज संध्याकाळपर्यंत आहात ना तुम्ही?" त्यांनी विचारले.

"आहे. गाडीत एक टाकी जास्तीची आहे. तिचे पैसे वेगळे पडतील."

"काढून ठेवा. जेवून उतरते."

बाकावर डबे उघडले गेले. बाई घास घेत होत्या आणि प्रत्येक श्वासाकडे लक्ष देत होत्या. लक्ष दिले की तो बिघडत होता.

"ताई, एक सांगू? चिडू नकोस," धाकटी म्हणाली. "तीन उन्हाळे तू मला दम धर, दम धर म्हणून ओरडलीस. मला तो धरताच येत नव्हता गं. भीती वाटली की माझा श्वास जोरात चालतो. म्हणून इथे मी पास आणि तिथे नापास."

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं?"

"अजिबात नाही. तलावात तेच लागतं. पण इथे तुझी सवय तुझ्या मानेवर बसलीय."

"मग उतरवू कशी? एवढ्या वर्षांची सवय जेवणाच्या सुट्टीत मोडते का?"

नवरा लोणच्याची फोड शोधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तू आपली बोलत राहा. बोलताना तुझा श्वास अडलेला मी तरी लग्नापासून पाहिलेला नाही."

धाकटीला ठसका लागला. पंपवाल्याने तोंड फिरवले. बाई मात्र हसल्या नाहीत. चमचा हातात तसाच धरून त्यांनी नवऱ्याकडे पाहिले.

"काय बोलू?"

"जे रोज बोलतेस तेच. सगळ्यांना झापायचं."

"नळी तोंडात असताना बोलता येतं?" त्यांनी शिक्षकाला विचारले.

त्याने नळी उचलून पाहिली. "शब्द कळणार नाहीत. पण नळी दातांत घट्ट धरलीत, तर आवाज निघेल. आणि आवाज निघतोय म्हणजे हवा बाहेर पडतेच आहे."

टाकी बांधून बाई पुन्हा उतरल्या. डोळ्यांवरून पाणी गेले, छाती भरली, आणि कुलूप लागायच्या आत बाईंनी सुरुवात केली. पाय सरळ! गुडघा कशाला वाकवतोस? मान खाली! वर काठावर ऐकू आले ते फक्त गुडगुड, गुडगुड, पण चढउतार ओळखीचे होते. पंपवाला नकळत ताठ उभा राहिला.

बाई खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. एक वाक्य संपले की श्वास, मग पुढचे वाक्य. विषयांची वाण नव्हती. त्यांनी पोहायला न शिकलेल्या धाकटीला झापले, वेळेचा हिशेब चुकलेल्या नवऱ्याला झापले, समोर बसलेल्या शिक्षकाला झापले. हळूहळू वाक्यांमधले अंतर वाढत गेले. राग ओसरला, आणि शेवटी नुसते हं, हं एवढेच उरले. बुडबुडे मात्र थांबले नाहीत. हात टेकून त्यांनी आपल्याच तलावाचा तळ पहिल्यांदा सावकाश पाहिला. वर नवरा वाकून बघत होता, तो पाण्यातून लांबट आणि बराच बारीक दिसत होता.

वर येतानाही त्या हं, हं करत आल्या. नळी काढली आणि आधी पंपवाल्याकडे वळल्या. "मधल्या जाळीत केसांचा हा एवढा गुंता आहे! साफ केली, साफ केली म्हणत होतास ना?"

पंपवाला जाळीचा आकडा आणायला पळाला.

"आणि मला काय म्हणत होतात?" शिक्षकाने जॅकेट सोडवत विचारले.

"तुम्ही पाय गुडघ्यातून मारता. कमरेतून मारायचे. समुद्रात जाण्याआधी एक दिवस इथे या, नीट करून देते."

तो हसत सुटला. खात्रीसाठी त्याने त्यांना आणखी दोनदा खाली नेऊन आणले, आणि मग कागदावर दोघींच्या नावापुढे 'योग्य' असे लिहिले. "फक्त तिकडे गेल्यावर माशांशी जरा हळू बोला," तो म्हणाला. "त्यांना सवय नाही."

"लागेल," नवरा म्हणाला. "मला लागली."

बाईंनी ओला टॉवेल त्याच्या अंगावर फेकला आणि बॅगा कधी भरायच्या ते सांगायला लागल्या.

जास्तीच्या टाकीचे साडेतीनशे होतात. नवऱ्याकडे मोठी नोट होती, शिक्षकाकडे सुटे नव्हते. ते साडेतीनशे अजून द्यायचे आहेत.